‘पतित’ आणि ‘तारण’ : पंडिता रमाबाईंच्या कार्यातील ख्रिस्ती उद्धारसंकल्पना

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘तारण’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या दुसऱ्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. बँकेच्या व्यवहारात तारण म्हणजे कर्जाच्या हमीपोटी गहाण ठेवलेली वस्तू. उपासनामंदिरात उच्चारल्या जाणाऱ्या तारणाचा अर्थ मात्र बुडत्याला तारून नेणे असा आहे. गहाण पडणे आणि वाचवले जाणे हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदावेत, हा भाषेतील योगायोग असला तरी ख्रिस्ती धर्मविचाराच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारा आहे.

ज्यांचे आयुष्य विस्कटले आहे, ज्यांना घराने व समाजाने टाकले आहे, ज्यांच्या भूतकाळाविषयी चारचौघांत बोलता येत नाही, अशा माणसांना ख्रिस्ती श्रद्धा नेमके काय देऊ करते, हा प्रश्न ईश्वरविद्येत जुनाच आहे. महाराष्ट्रात मात्र तो केवळ ईश्वरविद्येचा राहिला नाही. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी ‘मुक्तिसदन’ आणि त्यालाच जोडून ‘कृपासदन’ उभे केले, तेव्हा या प्रश्नाला भिंती, स्वयंपाकघर, हातमाग आणि छापखाना लाभला. रमाबाईंवर मराठीत आणि इंग्रजीत विपुल लेखन झालेले आहे. त्यातील बहुतेक लेखन स्त्रीशिक्षण, विधवांचा प्रश्न आणि धर्मांतराचा वाद या तीन विषयांभोवती फिरते. कृपासदनाचा उल्लेख त्यात येतो तो बहुधा संस्थेच्या विभागांची यादी देताना. वस्तुतः रमाबाईंच्या धर्मांतराची एक प्रमुख प्रेरणा आणि त्यांच्या उद्धारविचाराची सर्वांत कठीण कसोटी या दोन्ही गोष्टी त्या एका विभागाशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

खंडणीचा शब्द

नव्या करारात उद्धारासाठी जे ग्रीक शब्द येतात, त्यांपैकी ‘लुट्रॉन’ या शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवून घेण्यासाठी मोजलेली किंमत असा आहे. त्याच्याही मागे हिब्रू परंपरेतील ‘गोएल’ ही कल्पना आहे. कर्जापायी विकली गेलेली जमीन किंवा दास्यात गेलेला भाऊबंद परत सोडवून आणण्याचे कर्तव्य ज्या जवळच्या नातलगावर असे, तो गोएल. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात या कर्तव्याचे नियम दिलेले आहेत. रूथच्या कथेतील बवाज हा असाच नातलग आहे. उद्धारकर्ता हा दूरचा न्यायाधीश असण्यापूर्वी घरचा माणूस आहे, ही जाणीव या शब्दाच्या मुळाशी आहे.

मराठी बायबलमध्ये ‘लुट्रॉन’साठी ‘खंडणी’ हा शब्द आला. मराठी कानाला तो काहीसा खटकतो. खंडणी म्हटले की एकीकडे मराठेशाहीतील मुलूखगिरी आठवते आणि दुसरीकडे वर्तमानपत्रातील गुन्हेवृत्त. परंतु हा खटका निरर्थक नाही. कोणीतरी कोणाच्या तरी ताब्यात आहे, ताबा बेकायदा असो वा कायदेशीर, आणि सुटकेला किंमत पडते, हा भाव ‘मोक्ष’ या शब्दात मुळीच येत नाही. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे. खंडणीत माणसाच्या किंवा पापाच्या मुठीतून सुटका आहे.

पौलाच्या पत्रांत याच्या जोडीला दुसरी प्रतिमा येते, ती न्यायालयाची. अपराधी मनुष्य उभा आहे, त्याच्यावरील आरोप खरा आहे आणि तरीही त्याला नीतिमान ठरवले जाते. पाश्चात्त्य ईश्वरविद्येत, विशेषतः मार्टिन ल्यूथरनंतर, या प्रतिमेने मोठी जागा व्यापली. दोन्ही प्रतिमा बायबलच्याच आहेत. तथापि त्या एकच गोष्ट सांगत नाहीत. न्यायालयात उभा असलेला माणूस दोषी असतो. बाजारात उभा असलेला गुलाम दोषी असेलच असे नाही, तो विकला गेलेला असतो. केडगावच्या कार्याचा विचार करताना हा भेद पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

मराठीत ही परिभाषा घडण्यास फार पूर्वी आरंभ झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास त्यांना संकोच वाटला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी शब्दांची अधिक काटेकोर निवड केली. रमाबाई या दोन्ही प्रवृत्तींनंतरच्या. त्यांची भूमिका या दोहोंपेक्षा कडक होती. तिचा विचार पुढे येईल.

कृपा आधी की सुधारणा आधी

विस्कटलेल्या आयुष्याविषयी शुभवर्तमानांत ज्या कथा येतात, त्यांत घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. लूककृत शुभवर्तमानातील जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी कर वसूल करणारा आणि त्यात स्वतःची तुंबडी भरणारा हा गृहस्थ येशूला पाहण्यासाठी झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्या घरी उतरण्याचे ठरवतो. लोक कुरकुर करतात ती याच ठिकाणी. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची व लुबाडलेल्याची चौपट भरपाई करण्याची भाषा बोलतो, ती पाहुणा घरी येण्याचे ठरल्यानंतर. भरपाई ही पाहुणचाराची अट नाही, पाहुणचाराचा परिणाम आहे.

उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातही हेच आहे. मुलगा परतताना क्षमायाचनेची वाक्ये पाठ करून येतो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जातो, मिठी मारतो, आणि मुलाचे बोलणे पुरे होण्याआधीच घरात अंगरखा, अंगठी व जोडा यांचे हुकूम सुटतात. ‘मला चाकर म्हणून ठेव’ हे पाठ केलेले वाक्य तर उच्चारलेच जात नाही. दृष्टान्ताचा उत्तरार्ध थोरल्या भावाचा आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. आयुष्यभर नियमाने वागलेल्या या भावाला घरातील मेजवानी अन्याय्य वाटते. त्याच्या तक्रारीत तथ्य नाही असे दृष्टान्त म्हणत नाही. तो आत गेला की नाही हेही सांगितलेले नाही.

या क्रमाचा एक धोका पहिल्या शतकापासूनच ओळखला गेला आहे. कृपा आधीच मिळणार असेल तर पाप सोडण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित केला. विसाव्या शतकात जर्मन ईश्वरविद्यावेत्ते डिट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मधील आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ असा शब्दप्रयोग करून हाच धोका पुन्हा मांडला. पश्चात्तापाविना क्षमा आणि शिष्यत्वाविना कृपा यांवर त्यांचा रोख होता. जे लोक या विचाराकडे केवळ भावनिक दिलाशाचे तत्त्वज्ञान म्हणून पाहतात, त्यांनी जक्कयाच्या चौपट भरपाईचा हिशेब विसरू नये.

फुलहॅम येथील प्रश्न

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवले, त्यापायी विरोध सोसला आणि पुढे कुटुंबासह तीर्थयात्रा व पुराणकथन करीत भ्रमंती केली. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव झाला. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचा पटकीने मृत्यू झाला. हाती तान्ही मनोरमा होती. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत घडलेल्या या घटना पाहता ‘विस्कटलेले आयुष्य’ हा रमाबाईंच्या दृष्टीने दुसऱ्यांचा विषय नव्हता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या कार्याचा एक मोठा भाग त्या काळी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा होता. लंडनच्या फुलहॅम भागातील अशा एका आश्रयगृहात रमाबाईंना पाठवण्यात आले. १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी या भेटीला जे स्थान दिले आहे, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. अशा स्त्रियांविषयी कोणी ममतेने बोलावे व त्यांच्यासाठी आयुष्य वेचावे, ही गोष्ट त्यांना सर्वस्वी नवी होती. त्यांना ठाऊक होते ते धर्मशास्त्र. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पतीशी प्रतारणा करणाऱ्या स्त्रीला राजाने कुत्र्यांकडून फाडवावे असा दंड सांगितला आहे. शास्त्र तोंडपाठ असलेल्या विदुषीला हा फरक सहज जाणवणारा होता.

या भगिनी असे का करतात, हा प्रश्न रमाबाईंनी विचारला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाण्याला आलेली ही स्त्री. यहुद्यांच्या लेखी ती विटाळलेल्या जमातीची. पाच नवरे झालेली आणि सध्या ज्याच्यासोबत राहते तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्या आयुष्याची माहिती त्याला आहे हे तो लपवत नाही आणि त्याबद्दल तिला फटकारतही नाही. उपासना कोठे करावी, या डोंगरावर की यरुशलेमेत, या प्रश्नावर तो तिच्याशी बोलतो. म्हणजे ज्या विषयावर पंडितांनी वाद घालायचा, त्यावरील संवाद पाणवठ्यावरच्या या बाईशी होतो. शास्त्राधिकार नाकारलेल्या स्त्रीवर्गातून येऊन शास्त्र शिकलेल्या रमाबाईंना कथेतील हा भाग भिडला नसता तरच नवल. आत्मनिवेदनात त्यांनी या प्रसंगाचा संबंध आपल्या धर्मांतराशी थेट जोडला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

त्यापूर्वी वाँटेज येथेच त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने विषप्राशन करून आत्महत्या केली होती. चरित्रकारांनी या शोकांतिकेची निरनिराळी कारणे सुचवली आहेत. कारण कोणतेही असो, रमाबाईंचे धर्मांतर प्रसन्न आणि निर्वेध मनःस्थितीत झाले, असे चित्र रंगवणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. बाप्तिस्म्यानंतरही वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेरल्डीन यांच्याशी, त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चचा अधिकार यांवर त्यांचा दीर्घ पत्रवाद चालू राहिला. तो ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या व १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहात उपलब्ध आहे.

या वादापेक्षाही महत्त्वाची घटना पुढची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला असला तरी ख्रिस्त लाभलेला नाही, अशी जाणीव रमाबाईंना झाली. त्या वेळी त्या देशविदेशांत सन्मानित होत्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुण्यात आणून चालवीत होत्या. बाह्यतः सुधारणे आवश्यक असे त्यांच्या आयुष्यात काही नव्हते. असे असूनही फुलहॅमच्या आश्रयगृहातील स्त्रीला जी कृपा हवी तीच आपल्यालाही हवी, आणि ती मिळण्याची अट दोघींना एकच आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वीकारला. उद्धार करणारी आणि उद्धरली जाणारी यांतील पायऱ्या तत्त्वतः येथे मोडल्या. व्यवहारात त्या कितपत मोडल्या, हे केडगावला दिसते.

केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू असल्याने त्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या व मांडव उभारले गेले. तेथे २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदनाचे समर्पण झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांच्या घरात गेली. हातमाग, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना असे उद्योग सुरू झाले. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवण्याची सोय केली. कृपासदन हा याच वसाहतीतील स्वतंत्र विभाग होता आणि लैंगिक शोषणाला किंवा वेश्याव्यवसायाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी तो राखलेला होता.

दुष्काळात स्त्रीच्या शरीराचे काय होते, याविषयी रमाबाईंना भ्रम नव्हता. कोवळ्या मुलींना अन्नाच्या बदल्यात विकत घेणारे, फूस लावून नेणारे दलाल दुष्काळी छावण्यांभोवती फिरत असत, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. वृंदावनात त्या वेषांतर करून गेल्या होत्या आणि पुण्यप्राप्तीच्या आशेने तेथे आणलेल्या विधवांची स्थिती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. स्त्रियांचे ‘पतन’ म्हणजे बव्हंशी त्यांची विक्री आहे, हे त्यांच्या लेखनातून निःसंदिग्धपणे दिसते.

आणि येथेच मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. जी मुलगी भुकेपोटी विकली गेली, तिला क्षमा कशाची करायची? न्यायालयाच्या प्रतिमेत तिला बसवले तर तिच्यावर झालेला अन्याय हाच तिचा अपराध ठरतो आणि कृपा ही त्या अपराधाची माफी बनते. खंडणीच्या प्रतिमेत तिला बसवले तर चित्र बदलते. ती कोणाच्या तरी ताब्यात होती, तिची किंमत कोणीतरी दिली, ती आता कोणाची मालमत्ता नाही. रमाबाईंनी वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि या विभागाला ‘कृपा’ हे. ही दोन नावे दोन प्रतिमांची आहेत असे म्हणता येईल. रमाबाईंच्या कार्यात ‘मुक्ती’चा आशय अधिक खोल आहे, त्यांच्या प्रवचनपर भाषेत मात्र, विशेषतः १९०५ च्या जूनमध्ये केडगावात जी आध्यात्मिक जागृती झाली त्या काळात, पापकबुलीच्या भाषेचा जोर वाढलेला आढळतो. मुली रडून, मोठ्याने प्रार्थना करून आपापली पापे कबूल करीत. काहींना त्यातून मनाचे ओझे उतरल्याचा अनुभव आला असणार, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांच्याविरुद्ध पाप घडले त्यांनाच पापी म्हणून उभे राहावे लागणे, ही या भाषेची मर्यादा आहे. बायबलमध्येच उपलब्ध असलेली दुसरी प्रतिमा हाताशी असताना ही मर्यादा टाळता आली असती.

स्वतंत्र विभागाचाही प्रश्न आहे. उधळ्या पुत्राला बापाने वेगळ्या खोलीत उतरवले नाही. कृपासदनातील स्त्रियांना मात्र इतर मुलींपासून निराळे ठेवण्यात आले. याचे व्यावहारिक समर्थन करता येते. रोगराई, आरोग्याची देखभाल, दलालांपासून संरक्षण आणि शारदासदनात मुली पाठवणाऱ्या कुटुंबांची भीती ही कारणे खरी होती. १८९३ मध्ये शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. त्यानंतर संस्थेच्या नावलौकिकावर आणखी एक शिंतोडा उडू देणे रमाबाईंना परवडणारे नव्हते. थोरला भाऊ मेजवानीच्या दाराबाहेर उभा असतो, तसा येथे समाज कुंपणाबाहेर उभा होता.

इंग्लंडमधील तत्कालीन आश्रयगृहांशी तुलना केली असता मात्र केडगावचे वेगळेपण उठून दिसते. तेथे धोबीकाम हे अनेकदा प्रायश्चित्ताचाच भाग मानले जाई आणि स्त्रीने पुढे कोणाच्या तरी घरी मोलकरीण म्हणून रुजू व्हावे, ही तिच्या सुधारणेची परिसीमा असे. केडगावात कामाचा हेतू मुख्यतः स्वावलंबनाचा राहिला. शारदासदनाच्या काळापासून रमाबाईंचा तोच आग्रह होता. शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि रमाबाईंविषयीची त्यांची कृतज्ञता कमी झाली नाही.

दुष्काळात आणलेल्या मुलींच्या धर्मांतराचा प्रश्न याहून अवघड आहे. जिला परतण्यासाठी घर नाही आणि जिचे अन्न एका श्रद्धेच्या हातून येते, तिचा होकार कितपत स्वतंत्र मानावा? श्रद्धा ही फुकट मिळालेल्या कृपेला दिलेला मुक्त प्रतिसाद आहे, असे जे धर्ममत म्हणते, त्यालाच हा प्रश्न सर्वाधिक बोचायला हवा. तथापि याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या दुष्काळात या मुलींसमोर पर्याय होते ते उपासमार आणि दलाल यांचे. टीकाकारांपैकी फारच थोड्यांनी त्यांना तिसरा पर्याय देऊ केला.

‘पतितपावन’ आणि रमाबाई

हिंदू परंपरेत अशा स्त्रीला करुणा नाही, हे रमाबाईंचे विधान धर्मशास्त्रापुरते बरोबर आहे. भक्तिपरंपरेला ते लागू पडत नाही. मराठी भक्तांच्या जिभेवर ‘पतितपावन’ हे देवाचे नाव शतकानुशतके आहे. मंगळवेढ्याची कान्होपात्रा ही गणिकेची मुलगी. बादशहाच्या माणसांच्या हाती पडण्याऐवजी तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, अशी कथा आहे आणि पंढरपूरच्या मंदिरात तरटीच्या झाडापाशी तिचे स्थान आजही दाखवले जाते. संतमंडळात तिचे अभंग मानाने गायले जातात. चोखोबांचे स्थान महाद्वाराबाहेर राहिले, ही गोष्ट सोबत आठवली म्हणजे या परंपरेचीही एक पायरी कोठे थांबली ते कळते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हा मार्ग हेरला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भूमिका होती आणि त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत वारकरी भाषेचा ओलावा सहज उतरला. रमाबाईंनी ती वाट धरली नाही. याचे कारण त्यांच्या आयुष्यात शोधावे लागते. टिळकांना परंपरा भेटली ती कवितेतून; रमाबाईंना ती भेटली तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या हिशेबातून आणि उपाशी मेलेल्या आईवडिलांच्या उपासतापासांतून. दुष्काळात जवळचे सर्व द्रव्य त्या कुटुंबाने देवदेवतांच्या अनुष्ठानांत खर्च केले होते. कृपेला किंमत नसते हा विचार त्यांना मुक्तिदायक वाटला, त्यामागे हा अनुभव आहे.

यातूनच त्यांच्या बायबल-भाषांतराची शिस्त आली. प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द त्यांना नको होते. हिब्रू व ग्रीक शिकून, मुळाला शक्य तितके चिकटून, अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले. एकेकाळी संस्कृतवरील प्रभुत्वामुळे ‘सरस्वती’ ठरलेल्या विदुषीने आयुष्याच्या अखेरच्या दोन दशकांत संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत बसावे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे. भाषांतर खडबडीत झाले, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नाही. शब्दशः अनुवादाच्या हट्टापायी वाक्यरचना जागोजागी अडखळते. टिळकांच्या कवितेची गोडी तेथे शोधू नये. चर्चमध्येही ते रूढ झाले नाही.

त्याचा वाचक मात्र ठरलेला होता. जिने आयुष्यात कधी पोथी हाती धरली नव्हती, जिच्यासाठी कोणी पुराण वाचले तर त्यातील निम्मे शब्द तिच्या डोक्यावरून जात, अशा बाईने शोमरोनी स्त्रीची कथा मध्यस्थाविना स्वतः वाचावी, यासाठी ते होते. छापण्याचे कामही बाहेर दिले गेले नाही. केडगावच्या छापखान्यात हिब्रू व ग्रीक खिळे आणले गेले आणि दुष्काळातून आलेल्या मुलींना ते जुळवण्याचे शिक्षण मिळाले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. रमाबाई त्यानंतर जेमतेम आठ महिने जगल्या आणि त्या अवधीत मुद्रिते तपासण्याचे काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडले.